शिरोळचा फड, धारूरची पेटी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, बीड जिल्ह्यातील धारूर भागातून आलेल्या एका ऊसतोड टोळीच्या तळावर आठ दिवस गेले होते. स्थलांतरित मजुरांचे आरोग्य हा माझा अभ्यासविषय आहे आणि वैद्यकीय मानववंशशास्त्रात प्रश्नावली भरून परतण्यापेक्षा माणसांचा दिवस कसा उगवतो आणि मावळतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. याच कामासाठी पुढे जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत.

मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीने जयसिंगपूरला उतरावे. तेथून शिरोळकडे एसटी मिळते. टोळी आज कोणत्या फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, नेमके ठाऊक असते. मुक्काम मात्र गावात करावा. मी हौसेने मजुरांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहिले आणि माझ्यासाठी घरातला थोरला मुलगा थंडीत गाडीखाली झोपत होता, हे मला दुसऱ्या रात्री कळले.

पहिले दोन दिवस मी बायकांना ‘काही त्रास आहे का?’ असे विचारत राहिले आणि ‘नाही’ एवढेच उत्तर घेत राहिले. तिसऱ्या दिवशी मोळी बांधता बांधता एकीने मलाच विचारले, “तरास म्हंजी खाडा पडला का, असंच ना?” नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्यावर असते, दोघांपैकी एक जरी कामाला आला नाही तरी तो दिवस खाडा धरला जातो आणि या टोळीत त्याचे पाचशे रुपये हिशेबातून कापले जात होते. त्यामुळे कंबर धरली, अंगावरून पांढरे गेले, तापात मोळ्या वाहिल्या, तरी कोयता चालू असेल तर तो आजार नव्हेच. त्यानंतर मी ‘या हंगामात खाडे किती पडले आणि कशाने?’ असे विचारू लागले. त्या बाईने उसाच्या पात्याने चिरलेली बोटे मोडून दाखवली: एक लेकराच्या तापाचा, दोन पाळीचे. मग जरा थांबून तिने जाऊबाईंकडे हात केला, “ह्यांचं बरं हाय, पिशवी काढलीय.”

बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा जाण्यापूर्वीच मला पाठ होता, परंतु ‘बरं हाय’ हे त्याचे दुसरे टोक फडातच ऐकू आले.

बोलण्यासाठी फडातली वेळ घेऊ नये. पहाटे चारला उठलेली बाई दिवसभर तोड करून संध्याकाळी फळीवरून मोळ्या चढवते आणि आपल्या मुलाखतीने गाडी भरायला उशीर झाला तर बोलणी तिला खावी लागतात. विहिरीवर कपडे धुताना ती मोकळी बोलते. तळावर जाण्यास मुकादमाची परवानगी घ्यावीच, पण संमती मात्र प्रत्येकीची वेगळी, त्याच्या पाठीमागे घ्यावी. वहीत नावे लिहू नयेत, कारण वही तो मागतो. माझ्याकडे मागितली होती. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि स्वतःचा डबा न विसरता न्यावा.

शस्त्रक्रिया कशासाठी झाली, हे फडात कळत नाही. त्यासाठी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, गावी जावे लागते. मी मे महिन्यात धारूरला गेले, तेव्हा जाऊबाईंनी पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचे कागद काढले आणि माझा प्रश्न येण्याआधीच म्हणाल्या, “काय लिवलंय ते वाचून दाखवा.”