इन्सास, सिग आणि एके-203: पलटणीचं हत्यार बदलताना

आमच्या मराठा पलटणीत सिग 716 ही नवी अमेरिकी रायफल आली तेव्हा मी वेपन ट्रेनिंगचा हवालदार होतो. पलटण नियंत्रण रेषेवर होती. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी माझ्यावर दोन कामं टाकली. सगळ्या कंपन्यांचा नव्या रायफलवर हात बसवायचा, आणि हात बसला की युजर रिपोर्टचा मसुदा करायचा. कोणत्या कामाला कोणतं हत्यार आणि कोणतं काडतूस बरं पडतं, हे त्यात लिहायचं होतं. पहिलं काम मेहनतीचं होतं, पण ठाऊक असलेलं. खरा कस लागला तो रिपोर्टात.

मी बेळगावला रंगरूट असताना हातात पहिली रायफल आली ती इन्सास. काडतूस 5.56×45 मिमी (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा काडतुसाच्या नळीच्या लांबीचा), पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेनं घडवलेली. सिंगल आणि तीन राउंडांचा बर्स्ट, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एक किंवा सलग तीन गोळ्या. कारगिलनंतर तिच्याबद्दल खूप बोललं गेलं. थंडीत मॅगझिन तडकतं, फायर करताना तेल तोंडावर उडतं, या तक्रारी जगजाहीर आहेत. त्या मी खोडत नाही. पण रेंजवर ती नेमाला इमानी होती आणि धक्का इतका कमी की नवखा पोरगाही लवकर फर्स्ट क्लासला पोहोचायचा. पुढे राष्ट्रीय रायफल्सच्या पोस्टिंगला एके-47 मिळाली, तिचं काडतूस 7.62×39. आणि आता सिग, 7.62×51. म्हणजे पायदळात ज्या तीन काडतुसांवरून वाद चालतो, ती तिन्ही माझ्या खांद्यानं पाहिली होती.

सिगचा करार फेब्रुवारी 2019 मधला, 72,400 रायफलींचा. त्याआधी सैन्यानं अनेक वर्षं वेगळ्या वाटा चाचपल्या. 2011 मध्ये बॅरल बदलून 5.56 आणि 7.62×39 अशी दोन्ही काडतुसं चालवणाऱ्या रायफलसाठी निविदा निघाली होती, ती 2015 मध्ये रद्द झाली. एकाच हत्यारात सगळं बसवायचा तो विचार कागदावर देखणा होता. पण डोंगरात, अंधारात, हातमोजे घातलेल्या माणसाला बॅरल बदलत बसवणारी सोय मला कधीच पटली नाही.

कॅडर, म्हणजे नव्या रायफलचं प्रशिक्षण, सुरू झालं आणि फायरला बसलेल्या पहिल्याच तुकडीला अडचण समोर आली. इन्सासवर मार्क्समन, म्हणजे पक्की नेमबाज, असलेली पोरं सिगवर विस्कटली. 100 मीटरवर पाच राउंडांचा ग्रुप घ्यायचा, म्हणजे पाचही गोळ्या एका जागी जवळजवळ पाडायच्या, तर छिद्रं अर्ध्या टार्गेटवर पसरलेली, बहुतेक खाली. माण तालुक्यातला एक पोरगा होता, हाडापेरानं दणकट. तो म्हणाला, “उस्ताद, झटका खांद्याला नाही, कानाला लागतोय.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. आवाज आणि धक्का येणार हे डोक्यात बसलं की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच अंग आवळतो, आणि मझल, म्हणजे बॅरलचं तोंड, खाली जातं.

त्याला समजावण्यात वेळ घालवला नाही. मॅगझिन मी स्वतः भरलं आणि जिवंत राउंडांच्या मध्ये एक ड्रिल राउंड, म्हणजे बारूद नसलेलं सरावाचं काडतूस, घातला. कुठे घातला ते त्याला सांगितलं नाही. दोन राउंड गेले, तिसऱ्याला नुसता खट्ट आवाज झाला आणि फोरसाइट (बॅरलच्या टोकाची नेमकाडी) सगळ्यांच्या देखत चांगलं चार बोटं खाली बुडालं. मागे बसलेली पोरं हसली नाहीत, कारण पुढची पाळी त्यांची होती. त्यानंतर रोज संध्याकाळी कोतेसमोर (हत्यारं ठेवायच्या खोलीसमोर) रिकाम्या रायफलवर सराव. बॅरलवर रुपयाचं नाणं ठेवायचं, ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. ग्रुप हळूहळू आवळत गेले. माणच्या पोराचा ग्रुप शेवटी कंपनीत सगळ्यात लहान आला.

आता काडतुसाचं. गावात आणि फोनवर लोक विचारतात ते एवढंच, जास्त ताकदीचं कोणतं? आकडे सोपे आहेत. बॅरलमधून बाहेर पडताना 5.56 च्या गोळीत साधारण 1,700 जूल ऊर्जा असते, 7.62×39 मध्ये 2,000 च्या आसपास, 7.62×51 मध्ये 3,300 च्या आसपास. पण त्याच काडतुसांचं वजनही बघा. 5.56 चं एक काडतूस सुमारे 12 ग्रॅम, 7.62×39 चं साडेसोळा-सतरा ग्रॅम, 7.62×51 चं 24 ग्रॅम. हिशोबाला 120 राउंड धरा. मॅगझिन सोडून पहिल्याचं वजन दीड किलोच्या आत, दुसऱ्याचं दोन किलो, तिसऱ्याचं जवळपास तीन. आणि सिगच्या मॅगझिनमध्ये 20 राउंड बसतात, एकेच्या 30. म्हणजे तेवढ्याच राउंडांना चारऐवजी सहा मॅगझिन. शिवाय पाणी, रेडिओ, ग्रेनेड, जॅकेट. हे सगळं घेऊन दहा हजार फुटांवर चढायचं असतं. वर पोहोचल्यावर ज्याची छाती भात्यासारखी हलते आहे, त्याच्या हातातल्या 3,300 जूलचा उपयोग तो नेम धरू शकला तरच.

“5.56 जखमी करते, 7.62 मारते” हे वाक्य बराकीत रोज ऐकू येतं. शत्रूचा एक जखमी झाला की दोघं त्याला उचलायला अडकतात, दहशतवादी मात्र जखमीला उचलत नाहीत, म्हणून मोठी गोळी हवी, असा तो युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. 5.56 वेगात असते तेव्हा आत गेल्यावर फुटते आणि भयंकर काम करते. अंतर वाढून वेग उतरला की ती बारीक भोक पाडून निघून जाते. म्हणून माझ्या लेखी प्रश्न सुरू होतो तो अंतरापासून. चकमक किती मीटरवर होणार?

काश्मीरच्या गावात, मक्याच्या शेतात, नाल्यात ती पन्नास मीटरच्या आत होते, कधी एका खोलीच्या अंतरावर. तिथे 7.62×51 ची मला भीतीच वाटते. ती विटेची भिंत ओलांडून पलीकडे जाते. पलीकडे कुणाचं तरी घर असतं, घेराव घालून बसलेला आपलाच जवान असतो. एके तिथे चोख. हाताळायला आटोपशीर, तीस राउंड, माती-चिखल खाऊनही चालणारी. पण तीच एके घेऊन नियंत्रण रेषेवरच्या पोस्टवर बसा. समोरच्या धारेवरची हालचाल चारशे-पाचशे मीटरवर असते आणि 7.62×39 ची गोळी तीनशेच्या पुढे झपाट्यानं खाली उतरते. तिथे सिग हातात आली तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर फरक दिसला. शिवाय मार्च 2020 मध्ये ज्या नेगेव्ह एलएमजींचा (लाइट मशीनगनचा) करार झाला त्याही 7.62×51 च्याच. रायफल आणि एलएमजीचं काडतूस एक असलं की रसद सांभाळणाऱ्या सुभेदार साहेबांचं निम्मं ओझं उतरतं. इन्सासच्या जमान्यात रायफल आणि एलएमजीचं तसंच जमलेलं होतं.

रिपोर्टात मी एक भाग डोंगराबद्दल वेगळा टाकला, कारण रायफल कोणतीही असो, इथे पोरं फसतात. मैदानात झीरो केलेली, म्हणजे साइट गोळीशी जुळवून घेतलेली, रायफल उंचावर नेली की विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो, लांबच्या टार्गेटवर ती वर लागते. थंडीत बारूद मंद जळतं, त्याचा परिणाम उलटा. त्यामुळे पोस्ट बदलली की झीरो पुन्हा. दुसरं, चढावर फायर करताना नेम वर आणि उतारावर खाली, असं पोरांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे गोळी वरच लागते, कारण गुरुत्वाकर्षणाचा हिशोब आडव्या अंतराचा असतो. दोन्हीकडे नेम थोडा खालीच. तिसरं, बुखारीनं, म्हणजे शेगडीनं, तापलेल्या बंकरमध्ये थंडगार रायफल आत-बाहेर करू नका. धातूवर पाणी धरतं आणि बाहेर जाताच ते गोठतं. ती बाहेरच्या थंडीतच, बर्फापासून झाकून ठेवायची. तेलही पुसून नावापुरतं.

फायरिंगनंतर काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या, म्हणजे केस, मोजून जमा करायच्या असतात, एकही कमी चालत नाही. त्या गोळा करताना बुडावरची अक्षरं वाचायची मला सवय होती. मीडियम मशीनगनच्या केसांवर ‘केएफ’, म्हणजे आपली खडकी, 1869 पासूनची फॅक्टरी. 5.56 वर ‘ओएफव्ही’, जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. इतक्या लांब, बर्फात, हातावर पुण्या-जळगावचं पितळ यायचं आणि मला मनापासून अभिमान वाटायचा.

रिपोर्टात शेवटी लिहिलं ते असं: पोस्टवरच्या दहा जणांच्या सेक्शनला सिग, पण नाल्यात घात लावायला जाणाऱ्यांसाठी एके राखून ठेवाव्या. घराघरांतून शोध घेणाऱ्या तुकडीला सिग देऊ नये. आणि सिग घेऊन चढणाऱ्याच्या पाठीवरचं दुसरं काही तरी कमी करावं. काय कमी करायचं तेही नावानिशी लिहिलं. कंपनी कमांडर साहेबांनी त्यावर तासभर प्रश्न विचारले, दोन ओळी बदलल्या आणि कागद पुढे गेला.

निवृत्तीआधी एके-203 हाताळायला मिळाली. अमेठी जिल्ह्यातल्या कोरव्यात बनणारी, डिसेंबर 2021 च्या करारात 6,01,427 नग. काडतूस जुनंच, 7.62×39, पण दुमडता येणारा बट आहे आणि दुर्बीण बसवायला वर रेल आहे. तीनशे मीटरपर्यंत, बहुतेक पायदळाला बहुतेक वेळा, हीच द्यावी असं माझं मत आहे. तीनशेच्या पलीकडे बघत बसलेल्या पोस्टवरची सिग मात्र काढू नये.