झांजांच्या मागचा माणूस

इट्झेहो स्टेशनात गाडी थांबली आणि जवळजवळ अख्खा डबा रिकामा झाला. काळे टी-शर्ट, बिनबाह्यांची डेनिम जॅकेटं, पायात गमबूट. तिथून शटल बसने वाकन. जर्मनीच्या उत्तरेला, श्लेस्विग-होल्श्टाइनमधलं हे जेमतेम २,००० वस्तीचं गाव. १९९० साली इथे पहिला हेवी मेटल संगीताचा महोत्सव भरला तेव्हा काहीशे लोक आले होते. आता उन्हाळ्यात काही दिवस ८०,००० च्या वर माणसं या कुरणांत तंबू ठोकतात.

मी गेलो होतो एका बँडचे फोटो काढायला. बँडचं नाव लिहीत नाही, कारण फोटो अजून त्यांनी पास केलेले नाहीत. त्यांच्या ड्रमरने निघण्याआधीच बजावलं होतं, "दरवेळी सगळे फोटो गायकाचे. माझं काय दिसतं? झांजा आणि दोन कोपरं. या वेळी तोंड दिसू दे."

सोपं वाटलं होतं!

आधी चिखलाविषयी. वाकनला जाऊन चिखलाविषयी न लिहिणं शक्यच नाही. २०२३ साली पावसाने कुरणांची अशी दलदल झाली की उशिरा पोहोचलेल्यांना आत घेणंच थांबवावं लागलं. आमच्या नशिबी त्यामानाने किरकोळ पाऊस होता, तरी पाऊल उचललं की बूट मागे राहायचा. कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून चालायचं, लेन्स बदलायची ती पाठ वाऱ्याकडे करून, आणि बॅग जमिनीवर कधीही ठेवायची नाही. मी एकदा ठेवली. त्याचे परिणाम चेनमध्ये अजून खरखरतात.

फेस्टिवलच्या फोटोग्राफीचा जगभरचा रिवाज म्हणजे पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग पिटच्या बाहेर. पिट म्हणजे स्टेज आणि लोकांना अडवणारं बॅरिकेड यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथे फोटोग्राफर, केबली आणि वरून हातोहात ढकलत आणलेले क्राउड सर्फर झेलणारे सुरक्षारक्षक, सगळे एकमेकांच्या पायावर पाय देत उभे. गाणी लांब असली तर पंधरा मिनिटं मिळतात, नाहीतर दहा.

त्यात अडचण अशी की स्टेज डोक्याच्या वर असतं. खालून गायकाच्या नाकपुड्या छान येतात. ड्रमर मात्र मागे, चौथऱ्यावर, आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत नेमके मॉनिटर स्पीकर, टॉम नावाचे ड्रम आणि झांजा. आदल्या दिवशी दुसऱ्या एका बँडच्या वेळी कॅमेऱ्याशिवाय पिटसमोर, गर्दीच्या पहिल्या रांगेत उभा राहून मी फक्त ड्रम न्याहाळले. मधोमध उभं राहून काहीच हाती लागत नाही. पण प्रेक्षकांच्या उजव्या टोकाला सरकलं, की हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि तिच्यावरची क्रॅश (जोरात झणाणणारी मोठी झांज) यांच्यामध्ये वीतभर फट दिसते. ड्रमर उजव्या हाताचा असेल तर. आमचा होता. शिवाय क्रॅशवर काठी पडली की झांज डुलते आणि क्षणभर ती फट मोठी होते.

म्हणजे हा फोटो कानांनी काढायचा होता. क्रॅश बहुतेक वेळा धृपदाच्या पहिल्या ठोक्यावर पडते, पण ठोक्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. म्हणून रात्री तंबूत त्यांची गाणी ऐकत मांडीवर बोटांनी ठेके मोजत बसलो. शेजारच्या तंबूतल्या माणसाने माझ्याकडे काळजीने पाहिलं. (त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची शिंगं होती, तरी.)

दुसऱ्या दिवशी पिटमध्ये शिरलो. कानात प्लग. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास सुरक्षित धरतात, म्हणून यात हयगय नाही. शटर १/५००, अॅपर्चर २.८, आयएसओ ६४००. पहिलं गाणं पूर्ण लाल दिव्यात गेलं. लाल दिवा आमच्या धंद्याचा शत्रू. सेन्सरचा लाल रंग भरून वाहतो आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरतो. दुसऱ्या गाण्याला ज्वाळा सुटल्या, गालांना धग लागली आणि सगळे फ्रेम पांढरे झाले. एक्सपोजर ज्वाळांसाठी खाली आणावं तर त्या विझलेल्या.

तिसऱ्या गाण्याला बाकीचे सगळे मध्यभागी धावले. गायक मॉनिटरवर चढला, माइक तोंडापासून दूर नेला, ओरडला. असा फोटो मिळावा म्हणून लोक वर्षभर तरसतात. मी उजव्या टोकाला ७०-२०० ची झूम लेन्स लावून फटीवर फोकस धरून उभा होतो. मान वळवली नाही, हे सांगताना अजूनही पोटात दुखतं. पहिलं धृपद आलं आणि नेमका एका क्राउड सर्फरचा बूट खांद्यावर आदळला. फ्रेममध्ये आकाश. दुसऱ्या धृपदाला पांढरा दिवा मागून आला, धूर उजळला, मी ठोक्याच्या किंचित आधी दाबलं. सहा फ्रेम. गाणं संपायच्या आत रक्षकाने बाहेरची वाट दाखवली.

तंबूत परतून पाहिलं. पाच फ्रेममध्ये झांज आडवी. एकात ती तिरकी झालेली, तिच्या कडेवर पाण्याचे थेंब उडालेले, आणि फटीत पूर्ण चेहरा. ओठ दाबलेले, कपाळावर केस चिकटलेले. फक्त डोळे मिटलेले. नियमाने असा फोटो बाद.

तरी त्याला तोच पाठवला, सोबत माफीही. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : "मी डोळे मिटून वाजवतो? हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही."