चारशे पन्नासचा ट्रान्झिस्टर: टेक्ट्रॉनिक्स ४६५ आणि मुंबईतल्या चार फेऱ्या

आधीच सांगतो, माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. लॅमिंग्टन रोडबद्दल, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराबद्दल, जे वाईट लिहीन त्यातलं चार आणे कमी करून वाचा. तुम्हाला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर हाताळता येतो, आणि उघड्या ऑसिलोस्कोपमध्ये (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र; टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा तसलाच) एक हात घालताना दुसरा खिशात ठेवायचा असतो हे माहीत आहे, एवढं धरून चालतोय. ज्यांना हे नवं आहे त्यांनी ४६५ला हात लावू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबचं ॲक्सिलरेटिंग व्होल्टेज १८ हजारांच्या घरात असतं, आणि स्विच बंद केला म्हणजे ते लगेच उतरतं असं नाही.

यंत्र चोर बाजारात घेतलं. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. डोंबिवलीहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून गेलो. दोन टाकीच्या बाजूने आत शिरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. टॉर्च न्याच. माल गोणपाटावर पसरलेला असतो आणि विकणारा स्वतःचा टॉर्च नेमका चांगल्या बाजूवर मारतो. जुने शटर, ग्रामोफोनचे कर्णे, घड्याळांची हाडं, आणि त्यात हा निळसर पॅनेलचा टेक्ट्रॉनिक्स. १९७२ साली बाजारात आलेलं मॉडेल, दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्याला हात लावायची परवानगी नव्हती तो असा फुटपाथवर पडलेला बघून माझी अक्कल गेली. त्याने दहा हजार सांगितले, साडेसहाला तुटला. पाच हजारांच्या वर द्यायलाच नको होते.

"चालू कंडिशन आहे," म्हणाला, आणि शेजारच्या चहावाल्याच्या बोर्डात प्लग घालून दाखवला. लाइट लागला. पडद्यावर रेघ नव्हती. "ते सेटिंगचं आहे, तुम्ही जाणकार, तुम्हाला जमेल." मी जाणकार, म्हणून पैसे मोजले.

तुम्ही जाल तेव्हा दोन गोष्टी करा. प्लग घालू देण्याआधी लाइन व्होल्टेज सिलेक्टर बघा. यंत्र अमेरिकन असेल आणि स्विच ११५वर असेल, तर आपल्या २३०मध्ये घातल्यावर तिथेच वास येईल. दुसरं, रेघ दिसत नसेल तर 'बीम फाइंड'चं बटण दाबून धरा. आतले सप्लाय ठीक असतील आणि रेघ नुसती पडद्याबाहेर गेली असेल तर ती आक्रसून आत येते. बटण दाबूनही काहीच आलं नाही तर दुखणं आतलं आहे, तसा भाव करा. मला हे बटण माहीत होतं. आठवलं घरी आल्यावर.

तिथे एक ॲव्हो ८ मीटरही (जुना काट्याचा मल्टिमीटर) होता, काच शाबूत. घेतला नाही, ओझं झालं असतं. घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की त्याच्या वरच्या ओहम रेंजला लागणारी १५ व्होल्टची बॅटरी शोधत दुकानं पालथी घालू नका. सीआर२०३२ची पाच बटणं एकावर एक रचली की बरोबर १५ होतात.

घरी मोजलं तर पॉवर सप्लायच्या १५ व्होल्टच्या लाइनवर जवळजवळ शून्य. मी रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या, एका ट्रान्झिस्टरवर संशय घेतला. ४६५मध्ये बरेचसे ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले असतात, ओढले की निघतात. ओढला, आणि त्याचा एक पाय सॉकेटातच राहिला. आता तो खराब होता की नव्हता हा प्रश्नच उरला नाही, नवा आणणं भाग होतं. अंगावर छापलेलं होतं १५१-०१९०-००.

आता मुख्य गोष्ट.

शनिवारी ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघेल. साडेदहा-अकराच्या आत जाऊ नका, शटर अर्धी असतात. रविवारी तर जाऊच नका. पहिल्या दोन दुकानांत नंबर ऐकून मान हलली. तिसऱ्या दुकानदाराने चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "हा टेक्ट्रॉनिक्सचा खास माल. इम्पोर्टेड. आता बनत नाही." आतून अर्ध्या तासाने एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी आली. त्यात एकच ट्रान्झिस्टर, वरचं छापील घासून काढलेलं, पिशवीवर बॉलपेनने माझाच नंबर लिहिलेला. साडेचारशे रुपये. "घासलेला का?" विचारलं तर उत्तर मिळालं, "कंपनी नंबर लपवते." बिल मागितलं तर वर १८ टक्के. मी बिलाशिवाय घेतला, म्हणजे परत करायचा रस्ताही स्वतःच बंद केला.

त्या रात्री टेक्ट्रॉनिक्सच्या पार्ट नंबरांची क्रॉस-रेफरन्स यादी उघडली. ती इंटरनेटवर फुकट मिळते, आणि मी ती सकाळी निघण्याआधी उघडली असती तर हा लेख झालाच नसता. १५१-०१९०-०० म्हणजे २एन३९०४. हो, तोच. डिप्लोमाची पोरं ज्याची मूठभर खरेदी करतात तो. पुढच्या शनिवारी मुद्दाम त्याच रस्त्यावर, त्या दुकानापासून पन्नास पावलांवर भाव विचारला. तीन रुपये. दहा घेतले तर पंचवीस.

म्हणून हे पाठ करा. टेक्ट्रॉनिक्सचा १५१ने सुरू होणारा नंबर म्हणजे ट्रान्झिस्टर, १५२ म्हणजे डायोड, २९० म्हणजे इलेक्ट्रोलिटिक किंवा टॅन्टलम कॅपॅसिटर, १५६ म्हणजे आयसी. यातले पुष्कळसे बाजारातलेच साधे पार्ट असतात, कंपनीने फक्त स्वतःचा नंबर घातलेला असतो. १५५ने सुरू होणारे आयसी मात्र त्यांनी स्वतः बनवलेले. ते गेले तर लॅमिंग्टन रोडवर वेळ घालवू नका, दुसरा मेलेला स्कोप शोधून त्यातून काढा. एचपीच्या यंत्रांत १८५४ आणि १८५३ हे ट्रान्झिस्टर, ०१८० हे इलेक्ट्रोलिटिक. काउंटरवर हा घरचा नंबर उच्चारायचाच नाही. घरून खरा नंबर शोधून जा आणि तोच मागा. 'टेक्ट्रॉनिक्स' हा शब्द तोंडातून गेला की भाव बदलतो.

दुसरा सापळा 'सेम टू सेम'चा. २एन३९०४ संपला तर बीसी५४७ देतात. काम बहुतेक ठिकाणी होईल, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत तर ३९०४चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. ५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. तसाच सॉकेटात खुपसलात तर पुढचा शनिवारही गेला. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर टेस्टर न्या, जो पाय ओळखून पडद्यावर दाखवतो. काउंटरवरच लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. पॉवर ट्रान्झिस्टर घेत असाल तर टेस्टरवरही विसंबू नका. जुन्या नावाचं धातूचं टोपण आणि आत नखाएवढीही नसलेली चिप, असे २एन३०५५ सर्रास मिळतात. लोड दिला की जातात. छपाईवर ॲसिटोनचा बोळा फिरवा, अक्षरं पुसली गेली तर माल ठेवा तिथेच.

असो. साडेचारशेचा ट्रान्झिस्टर बसवला. १५ व्होल्टची लाइन तशीच शून्य.

तिसऱ्या फेरीत एक गोष्ट बरी सुचली. पार्ट मागायच्या ऐवजी एका जुन्या दुकानातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारलं, "हे आता दुरुस्त कोण करतं?" काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने मागून बघितलं आणि गिरगावातल्या एका चाळीचा पत्ता दिला. सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले काका, वय ऐंशीच्या आसपास. फोनवर म्हणाले, "यंत्र घेऊन ये. फोटोबिटो पाठवू नकोस, मला दिसत नाहीत."

यंत्र दहा-साडेदहा किलोचं आहे. डोंबिवलीहून दादर, दादरच्या पुलावर ते छातीशी धरून सेंट्रलवरून वेस्टर्नला, मग धीमी गाडी. शनिवारी अकरानंतर निघालो म्हणून वाचलो. कामाच्या दिवशी सकाळी हे करू नका, लोक यंत्राला नाही पण तुम्हाला मारतील. मालडबा मिळाला तर तोच घ्या. ग्रँट रोडहून ठाकूरद्वारकडे टॅक्सी केली. तीन जणांनी जवळचं भाडं म्हणून नाही म्हटलं, चौथ्याने मीटर टाकला. किमान भाडं २०२५ साली ३१ रुपये झालं, अंदाजाने शंभर मागणाऱ्याला सोडून द्या. आणि चाळ म्हणजे तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही. दुसऱ्या मजल्यावर यंत्र खाली ठेवून मी पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

काकांनी झाकण काढलं, माझा नवा ट्रान्झिस्टर बघितला, माझ्याकडे बघितलं. "तो मूळचा का काढलास? त्याने तुझं काय घोडं मारलं होतं?"

मग यंत्राचा प्लग काढलेला ठेवून त्यांनी ती १५ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांमधला रोध मोजला. एका ओहमच्याही खाली. "लाइनच शॉर्ट आहे रे. रेग्युलेटर बिचारा स्वतःला वाचवतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

टेबलावर ठाण्याच्या ॲपलॅबचा जुना पॉवर सप्लाय होता. दोन व्होल्ट आणि करंटची मर्यादा एक ॲम्पिअर लावून त्यांनी ती लाइन बाहेरून भरली आणि बोट फिरवत गेले. एवढ्या कमी व्होल्टेजला ट्रान्झिस्टर-आयसी जागे होत नाहीत, शॉर्ट असलेली वस्तू तेवढी तापते. दहाएक सेकंदांत व्हर्टिकलच्या (रेघ वर-खाली हलवणाऱ्या भागाच्या) बोर्डवरच्या एका थेंबाच्या आकाराच्या टॅन्टलम कॅपॅसिटरवर बोट थांबलं आणि झटक्याने मागे आलं. पॉवर सप्लायच्या बोर्डपासून पार लांब. १५ व्होल्टच्या लाइनवर २० व्होल्टचा टॅन्टलम, वयाने जवळजवळ पन्नाशीचा. ४६५चं हे नेहमीचं दुखणं आहे म्हणे, आणि हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

बदली करताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट ३५चे घ्या. खूण मात्र नीट बघा. टॅन्टलमवर अधिकची बाजू छापलेली असते, ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर उण्याची. सवयीने रेघ बघून उलटा लावलात तर टॅन्टलम आवाज करून जातो, आणि वास दोन दिवस खोलीत राहतो. काकांनी आणखी एक सांगितलं: लाइनवरचे बाकीचे तसलेच टॅन्टलमही एका बैठकीत बदल, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा जिना चढशील. ते मला पटलं, मुख्यतः जिन्यामुळे.

कॅपॅसिटर सोमवारी आणले. सुट्टी टाकली होती, पंधरा रुपयांना एक, भावात घासाघीस नाही, दुकानदाराने पिशवीत दोन जास्तच टाकले. त्या फेरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घरी लावले, पहिल्यांदा सिरीजच्या बोर्डवर शंभरचा बल्ब घालून (शॉर्ट उरला असेल तर करंट बल्बातच अडतो) चालू केलं, बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, आणि पडद्यावर हिरवी रेघ. बायकोला उठवून दाखवली. रात्रीचा एक वाजला होता. ती "हं" म्हणाली.

राहिलेले निकाल पटापट. स्विच खरखरत असतील तर साधा कॉन्टॅक्ट क्लीनर लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. बीएनसी सॉकेट, फ्यूज, प्रोब, नॉबचे स्क्रू यासाठी तिथलीच वारी करा, दुसरीकडे कुठे नाही. पिक्चर ट्यूब विचारू नका, हसतात. साकीनाक्याच्या भंगारात एक दुपार घालवली. तिथे बोर्ड किलोवर जातात आणि सोनं-तांब्यासाठी फुटतात. आपण पोचेपर्यंत उपयोगाचं काही शिल्लक नसतं. पुन्हा जाणार नाही.

काकांनी पैसे घेतले नाहीत. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवान या इराणी बेकरीतले मावा केक नेले होते, ते घेतले. ते सकाळीच संपायचे, त्यामुळे त्या दिवशी आधी केक, मग बाकीचं. आणि दुपारी एक ते चार काकांच्या दारावर थाप मारू नका.

चॅनेल दोनचा एक अटेन्युएटर (मोठा सिग्नल लहान करणारा भाग) अजून रुसलेला आहे, तो बहुधा दिवाळीच्या सुट्टीत बघेन. साडेचारशेचा ट्रान्झिस्टर मात्र आतच आहे. तीन रुपयांचे दहा ड्रॉवरमध्ये पडलेत, पण तो काढवत नाही. चांगला चालतोय.