४×५ कॅमेरा घेऊन न्यू मेक्सिको : टुकमकारी, व्हाइट सँड्स, पाय टाउन

डलासहून अमरिलो, तिथून टुकमकारी, मग यूएस ५४ ने खाली व्हॉन, कॅरिझोझो, अलामोगोर्डो, व्हाइट सँड्स, लास क्रुसेस, आणि परत वर सोकोरोला येऊन यूएस ६० ने पश्चिमेला पाय टाउन, असा लूप मी नि माझ्या मावसभावाने ऑक्टोबरमध्ये केला. बरोबर लाकडी ४×५ फील्ड कॅमेरा (४×५ इंचाच्या निगेटिव्हचा, घडी होणारा), १५० आणि २१० मिलिमीटरच्या दोन लेन्स, आणि कलर शीट फिल्म, म्हणजे रोलऐवजी एकेका फोटोचा सुटा तुकडा. शीट फिल्मवाले मराठी लोक अमेरिकेत थोडे असतील पण आहेत, आणि भारतातून येणारेही विचारतात, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचा सगळा प्लॅन तिच्यावर उभा आहे. न्यू मेक्सिकोला गेलं की सगळी फिल्म व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या टेकड्यांमध्येच संपवावीशी वाटते. तसं करू नका. अर्धी फिल्म गावांसाठी, मोटेल, पेट्रोल पंप, बंद पडलेली थिएटरं, रस्त्याचे कोपरे यांच्यासाठी बाजूला काढून ठेवा, आणि खरंच बाजूला काढा, डब्यावर लिहून. अमेरिकेतल्या कलर लार्ज फॉरमॅटची, म्हणजे अशा मोठ्या निगेटिव्हच्या फोटोग्राफीची, खरी ताकद तिथेच दिसली आहे. १९७० च्या सुमारास सिरियस फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, कलर म्हणजे जाहिराती नाहीतर घरचे अल्बम, असं सगळे धरून चालायचे. स्टीफन शोर हा अमेरिकन फोटोग्राफर १९७३ मध्ये मोठा कॅमेरा घेऊन गाडीने देशभर फिरायला लागला, आधी ४×५, मग ८×१०, आणि काढलं काय तर युटामधल्या कानाब गावातला पॅनकेकचा नाश्ता, ओरेगनमधला रस्त्याकडेचा होर्डिंग बोर्ड, १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ अॅव्हेन्यूवरचा पेट्रोल पंप. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) त्याचं प्रदर्शन लागलं, त्याच वर्षी तिथे कलरमध्येच काम करणाऱ्या विल्यम एगल्स्टनचंही लागलं. मोठ्या निगेटिव्हवर विजेचा खांब, बोर्डावरचं अक्षर आणि मागचा डोंगर तिन्ही सारखेच शार्प येतात, त्यामुळे बघणाऱ्याला कशाकडे आधी बघायचं ते स्वतःच ठरवावं लागतं, आणि मला तरी हेच या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

अमरिलोत थांबलो तेही शोरमुळेच, १९७१ मध्ये त्याने या गावातल्या साध्यासुध्या इमारतींची पोस्टकार्डं छापून घेतली होती. उजेड बरा नव्हता, पुढे निघालो.

टुकमकारीला मात्र मुक्कामच करा. जुन्या रूट ६६ महामार्गावर निऑनच्या पाट्या अजून रोज पेटतात, ब्लू स्वॅलो मोटेल तर १९३९ पासूनचं, खोलीला लागून गाडीचं गॅरेज असलेलं. इथला फोटो संध्याकाळच्या पंधरा-वीस मिनिटांत होतो, सूर्य बुडल्यावर आकाशाचा निळा आणि पाटीचा उजेड एका पातळीवर येतात तेवढाच वेळ. म्हणून दुपारीच जागा हेरा, ट्रायपॉड लावून फ्रेम आणि फोकस करून ठेवा, फ्रंट राइज देऊन, म्हणजे फक्त लेन्स वर सरकवून, पाटी सरळ घ्या, कॅमेरा वर वाकवू नका नाहीतर इमारत मागे पडल्यासारखी दिसते. एफ २२ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून) एक्स्पोजर काही सेकंदांचं जातं, तिथे रेसिप्रोसिटीमुळे, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून, मीटरपेक्षा थोडा जास्तच वेळ द्यावा लागतो. मोटेलच्या आवारात उभं राहायचं असेल तर आधी ऑफिसात विचारा. काळं कापड डोक्यावर घेतलेला माणूस बघून लोक स्वतःहून बोलायला येतात, ग्राउंड ग्लासवरचं, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवरचं, उलटं चित्र त्यांना दाखवा, नंतर फोटोला कोणी नाही म्हणत नाही असा माझा अनुभव.

यूएस ५४ वर घाई नको. व्हॉन, कोरोना, कॅरिझोझो ही गावं गाडीतून बघितली तर पाच मिनिटांत संपतात, पण कॅरिझोझोच्या मेन स्ट्रीटवर सकाळी दोन तास चाललात तर एका भिंतीवर किती वेळा रंग चढलाय ते दिसतं. गावाजवळच व्हॅली ऑफ फायर्सचा काळा लाव्हा आहे, तोही घ्या.

आता व्हाइट सँड्स. डिसेंबर २०१९ पासून हे नॅशनल पार्क आहे, सुमारे २७५ चौरस मैल जिप्समच्या टेकड्या, आणि आत आठ मैलांचा ड्यून्स ड्राइव्ह. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी मिसाइल रेंज आहे, टेस्ट असली की पार्क आणि यूएस ७० दोन्ही काही तास बंद राहू शकतात, आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या. गेट बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते, तीही बघा, कारण हा कॅमेरा आवरून बॅगेत भरायला वेळ लागतो. वाळूवर स्पॉट मीटर (एका छोट्या जागेचा उजेड मोजणारा) लावलात तर तो तिला करडी समजतो, म्हणून उन्हातली वाळू मीटरच्या दोन स्टॉप वर ठेवा, म्हणजे चौपट एक्स्पोजर द्या, किंवा कलर निगेटिव्ह असेल तर सरळ सावलीचं मीटर घ्या, निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड आनंदाने सोसते. पोर्ट्रा १६० ही निगेटिव्ह फिल्म मी १६० ऐवजी ८० स्पीडची धरून वापरतो, भर उन्हात एफ ३२ ला साधारण १/२० ते १/३०. स्लाइड फिल्म, म्हणजे एक्टाक्रोम ई१००, इथे कठीण आहे पण पहाटेच्या सावल्यांचा निळा तिच्यावर जसा येतो तसा दुसरीकडे नाही. ही सावली निळी असतेच, आकाशाचा उजेड पांढऱ्या जिप्समवर पडतो म्हणून, स्कॅनमध्ये ती सुधारायला जाऊ नका. फेब्रुवारी ते मे वाऱ्याचे महिने, बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता, शिडासारखं हलतं आणि बारीक धूळ फिल्म ठेवायच्या होल्डरमध्ये शिरते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच बरा. होल्डर झिपलॉक पिशवीत एकेक वेगळे ठेवा, वापरायच्या आधी डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) ओढायच्या खाचेवरून ब्रश फिरवा.

लास क्रुसेसकडे जाताना यूएस ७० वर बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट लागतो. एच-वन, ग्रीन कार्ड, व्हिजिटर, जे काही असेल त्याचे मूळ कागद गाडीत हाताशी ठेवा, डिकीत बॅगेखाली नको.

सोकोरोहून पश्चिमेला वर चढलं की सॅन ऑगस्टिनच्या पठारावर व्हीएलए (व्हेरी लार्ज अॅरे) या वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणी दिसतात, २७ अँटेना, प्रत्येकीची तबकडी २५ मीटरची. त्या रुळांवरून सरकवतात, दर काही महिन्यांनी मांडणी बदलते, ए मांडणीत ३६ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या असतात आणि डी मांडणीत साधारण एक किलोमीटरमध्ये गोळा होतात. निघण्याआधी कुठली मांडणी चालू आहे बघा, कारण फोटोच पूर्ण वेगळा होतो. रेडिओला अडथळा येतो म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकावा लागतो, आपल्या कॅमेऱ्यात वीजच नाही, त्यामुळे निवांत काम होतं. फोनवरच्या मीटर अॅपऐवजी साधा हातातला मीटर न्या.

पुढे पाय टाउन. टेक्सास-ओक्लाहोमातून दुष्काळाने हुसकावलेली कुटुंबं इथे येऊन वसली होती आणि १९४० मध्ये फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याचा फोटोग्राफर रसेल लीने त्यांचं घर, जेवण, जत्रा सगळं टिपलं, काही फोटो कोडॅक्रोम या कलर स्लाइड फिल्मवर. या सरकारी प्रकल्पातले सुमारे १६०० कलर फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट डाउनलोड होतात, युद्धकाळातल्या कारखान्यांचे ४×५ कोडॅक्रोम तर निघण्याआधी बघाच. गाव जवळपास आठ हजार फुटांवर आहे, थंडी लवकर पडते, दम लागतो, ट्रायपॉड उचलून हळू चाला. पाय (pie, ज्यावरून गावाचं नाव पडलं तो गोड पदार्थ) विकणारी हॉटेलं रोज उघडी नसतात, फोन करून जा. पेट्रोल सोकोरोलाच फुल करा.

खर्चाचं म्हणाल तर फिल्म, डेव्हलपिंग आणि स्कॅन धरून एका शीटला दहा डॉलरच्या वर सहज जातात. त्यामुळे एका फ्रेमला दोन शीट नकोत असं वाटेल, पण जिथे परत जाणं होणार नाही तिथे दोन घ्याच, आणि दुसरी पहिलीचा रिझल्ट बघूनच डेव्हलपला पाठवा. २००० डीपीआयने स्कॅन केलं तरी साधारण ८० मेगापिक्सेलची फाइल मिळते, घरी भिंतीवर लावायला तेवढं पुष्कळ. विमानाने येणार असाल तर फिल्म चेक-इनमध्ये कधीच टाकू नका, हातात ठेवा आणि टीएसएला (विमानतळावरच्या सिक्युरिटीला) हँड चेक मागा, म्हणजे मशीनऐवजी हाताने तपासायला सांगा, नवे सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात. शीटचा डबा उघडू नये म्हणून त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहा, आणि सिक्युरिटीवाल्यांना समजवायला एक रिकामा डबाही बरोबर असू द्या.