लम्पी, पिकअप आणि कानातला बिल्ला

2022 च्या सप्टेंबरात राज्यभरातले गुरांचे बाजार बंद होते आणि जनावरांच्या वाहतुकीवर बंदी होती. ऑगस्टात जळगावकडे सापडलेला लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, घाटावर पसरत चालला होता. सिंधुदुर्गातल्या आम्हा पशुवैद्यकांचं लक्ष करूळ, फोंडा आणि आंबोली या घाटांकडे लागलेलं. गोमाश्या आणि डास रोग गोठ्यागोठ्यांत फिरवतात, पण घाट उतरायला त्याला टेम्पो लागतो.

म्हाळाचे दिवस होते. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून दवाखान्यात फोन आला, "गायीच्या आंगार गाठी इल्यात."

गोठ्यात गेलो तेव्हा गाय मान टाकून उभी होती. मानेवर, पाठीवर, कासेवर सुपारीएवढ्या टणक गाठी, पुढचे पाय सुजलेले, ताप 105 च्या वर. निदानाला वेळ लागला नाही. खपल्या आणि रक्ताचे नमुने घेतले. ते पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळला जायचे होते. मग मालकाला विचारलं, "काका, गाय कुठून आणली?"

"घरचीच पाडी. हयच जल्माक इली."

गायीच्या कानात पिवळा बिल्ला होता. शेणामातीने माखलेला. पुसून बारा आकडे वहीत उतरवले. गोठ्यात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून पावसातच सड्यावर, म्हणजे गावावरच्या माळरानावर, चढलो. आमच्या भागात केंद्र सरकारची निम्मी डिजिटल यंत्रणा सड्यावरच चालते. 'इनाफ' या जनावरांच्या ऑनलाइन नोंदवहीत क्रमांक टाकला आणि गाव आलं ते कोल्हापूर जिल्ह्यातलं. लाळ्या-खुरकुताच्या लसीची नोंदही तिथलीच.

खाली येऊन काकांना त्या गावाचं नाव सांगितलं. ते गप्प. आतून काकींचा आवाज आला, "काय ता खरा सांगून टाका एकदाचा."

गाय चतुर्थीनंतर आली होती, रात्री, पिकअपमधून, ताडपत्रीखाली. घाटावर बंदीमुळे भाव पडले होते, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. गाडीत आणखी दोन जनावरं होती, ती खाडीपलीकडे गेली, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. कारवाईची भीती होती आणि गाय मेली तर मदत मिळणार नाही ही त्याहून मोठी. दुधाळ गाय दगावली तर सरकार 30,000 रुपये देत होतं.

बिल्ल्याचा खरा उपयोग इथून पुढे झाला. कोल्हापूरच्या सहकाऱ्याला फोन लावला. नोंदीतल्या शेतकऱ्याने तिन्ही जनावरं एकाच दलालाला विकली होती. त्या शेतकऱ्याच्या नावावरचे उरलेले दोन क्रमांक, वय, रंग, सगळं तासाभरात माझ्या फोनवर आलं. ती जनावरं आता कुठे आहेत हे मात्र कुठल्याच पडद्यावर नव्हतं. विक्री झाली की मालक बदलल्याची नोंद करायची सोय होती, ती कोणी केली नव्हती. ऑस्ट्रेलियात 2005 पासून गुरांना इलेक्ट्रॉनिक टॅग सक्तीचे आहेत आणि जनावर एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर गेलं की तेही नोंदवावं लागतं. आपल्याकडे क्रमांक जनावराबरोबर घाट उतरतो, नोंद वरच राहते. चिप बसवली तरी नोंद करणारा माणूस तोच असेल, तर फरक फक्त किमतीत पडेल असं माझं मत आहे.

खाडीपलीकडे दुपार गेली. पहिला बैल सरळ सापडला, आकडे जुळले, मानेवर दोन-चार गाठी नुकत्या धरत होत्या. दुसऱ्या घरात तांबडी पाडी दाखवली. कानात बिल्ला नाही. मालक म्हणाले, मे महिन्यापासून आमच्याकडेच आहे, टॅगवाले आलेच नाहीत. पण कानाच्या मधोमध भोक होतं, कडा फाटलेल्या, रक्त अजून पुरतं सुकलेलं नव्हतं. रंग, वय, कपाळावरचा पांढरा ठिपका नोंदीशी जुळत होता. मी कान त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाद घातला नाही. पाडीला गाठी नव्हत्या, पण लक्षणं दिसायला 28 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून तिलाही वेगळी बांधायला लावली.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गावांभोवती पाच किलोमीटरच्या टापूत लसीकरण. लस शेळ्यांच्या देवीची, गोट पॉक्सची; तीच लम्पीवर चालते. आजारी जनावराला ती द्यायची नाही, निरोग्याला आधी बिल्ला, मग लस, मग नोंद. संध्याकाळी वाडीवाडीत कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. दूध उकळून प्यायला हरकत नाही, हा रोग माणसाला होत नाही, हे मात्र दारोदार पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. काही जण मान डोलवायचे आणि दूध तरीही माडाच्या मुळाशी ओतायचे.

बैल दगावला. गाय वाचली, अंगावर खड्डे राहिले, दूध निम्म्यावर आलं. पाडीला काही झालं नाही.

1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. आता पैसे देण्याआधी बिल्ल्याचा फोटो मागणारे लोक आमच्याकडेही भेटतात.

गाय बरी झाल्यावर तिची मालकी बदलायची नोंद करायला मी काकांकडे गेलो होतो. नाव कोणाचं घालू विचारलं, तर त्यांनी चुलीकडे बोट केलं.

"नाव हिचा घाला, धार हीच काढता."