उसाला आधीच जमतं ते

अमेरिकेतल्या लिव्हिंग कार्बन नावाच्या कंपनीनं 2023 साली जॉर्जिया राज्यात हवेतला कार्बन जास्त धरावा म्हणून जनुकं बदललेली पॉप्लरची झाडं लावली. हे वाचल्यापासून मी बांधावर उभा राहून उसाकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघतोय.

पानात रुबिस्को नावाचं विकर असतं. कार्बन डायऑक्साइड पकडणं हे त्याचं काम, पण मध्येच ते ऑक्सिजनच धरून बसतं. ऊन वाढलं की जास्तच. मग तो घोळ निस्तरण्यात झाडाची ऊर्जा जाते, थोडा कार्बनही परत हवेत. या पॉप्लरमध्ये भोपळ्याची आणि हिरव्या शेवाळाची जनुकं घालून हा वळसा कमी केलाय. काचघरात 53 टक्क्यांपर्यंत जास्त वाढ झाली, असं कंपनी म्हणते. काचघरात हं, रानात नव्हे.

आणि आपला ऊस? तो सी-4 गटातला, म्हणजे रुबिस्कोजवळ कार्बन डायऑक्साइड दाटवून ठेवणाऱ्या वनस्पतींतला; त्यानं हा घोळ कधीच मिटवलाय. म्हणून तर पंचगंगेकाठी असा माजतो! पण धरलेला कार्बन टिकतो कुठं? चिपाड कारखान्याच्या बॉयलरात, पाला काडेपेटीच्या तोंडी, साखर आपल्या चहात. वर्ष-दोन वर्षांत सगळं परत हवेत.

शेजारच्या तात्यांनी विचारलं, “तसली रोपं आपल्याकडं मिळत्यात काय रं?”

म्हटलं, “तात्या, पॉप्लर थंड मुलखातलं. त्यापरीस राधानगरीच्या जंगलातली अंजनी, जांभूळ हळू वाढतात, पण पिढ्यान्‌पिढ्या कार्बन धरून ठेवतात. ती आधी राखूया की.”

तात्यांना पटलं नाही. लवकर पैसा देणारं काहीतरी हवंय त्यांना. निलगिरीची चौकशी चाललीय.