वटपौर्णिमेला बेळगावात: झाडं पुजणारी आणि झाडं राखणारी माणसं

वडगावची आत्या दरवर्षी फोनवर एकच आग्रह करायची, "एकदा वटपौर्णिमेला ये की गं इकडं." यंदा गेले. कोल्हापूर ते बेळगाव अंतर 110 किलोमीटरच्या आसपास. कागल, निपाणी, मग तवंदीचा घाट आणि संकेश्वर. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारासच या पट्ट्यात कर्नाटकी बेंदूर असतो, त्यामुळे निपाणीच्या अलीकडे-पलीकडे रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल दिसत होते. बायका वडाकडे आणि गडी बैलांकडे, अशी सणाची वाटणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या रस्त्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुणे-बंगळूर हमरस्ता दुपदरी होता, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड होते. सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता रुंद झाला आणि ते गेले. पुढे बेळगाव-खानापूर रस्त्याच्या कामातही तसेच जुने वृक्ष पडले. रस्ता हवाच होता, आजारी माणसाला कोल्हापूरला किंवा बेळगावला वेळेत पोचवणारा रस्ता कुणाला नको? पण चाळिशीच्या पुढचं कुणीही या वाटेवर बरोबर असलं, की बोट दाखवून सांगतंच, "इथं मोठा वड होता." माणूस गेल्यावर त्याच्या घराकडे बोट दाखवावं तसं. मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं, आणि म्हणूनच जी उरली आहेत ती कोण सांभाळतं, हे या खेपेला डोळ्यांनी पाहायचं ठरवलं होतं.

वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा भाग. शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं. गल्लीत शिरलं की अजून यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो. आत्याच्या घरापासून थोड्या अंतरावर एक वड आहे, भोवती दगडी कट्टा. सकाळी आठलाच तिथं गर्दी होती. नऊवारीतल्या आज्ज्या, बँकेत जायच्या घाईतल्या सुना, आईचं बोट धरून आलेल्या मुली. ताटात हळद-कुंकू, आंबा, फणसाचे गरे, गहू, काळे मणी. पूजा सगळीकडे असते तशीच. वेगळं होतं ते कट्ट्याच्या कडेला बसलेल्या एका काकूंचं काम. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातली दोऱ्याची गुंडी त्या बघत होत्या.

"ह्यो नको. सिल्कचा हाय. हितं सुती हाय बघ, ह्यो घे."

दोऱ्याच्या गुंड्यांची टोपलीच त्यांनी शेजारी ठेवली होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी बसवूनच घेतलं. मागावर आता बहुतेक कृत्रिम रेशमाचं काम चालतं, म्हणून घरोघरी तसलाच दोरा हाताशी असतो, आणि बायका तोच घेऊन येतात. "पूजा करू दे की, कोण नको म्हणतंय? खरं दोरा सुतीच पायजे. सुती चार पावसात कुजून जातोय. ह्यो सिल्कचा कुजत न्हाई, पारंबीला आवळून बसतोय. पारंबी जाड व्हायला लागली की त्यातच चिरतीय." मग त्यांनी मला वडाच्या मागच्या बाजूची एक पारंबी दाखवली. मध्ये खोल खाच आणि खाचेच्या वर फुगलेली साल. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. तो थर आवळला, की अन्न तिथंच अडतं आणि वरचा भाग फुगतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे आकृती काढून शिकवतात. काकूंना ते पारंबीवर बोट ठेवून ठाऊक होतं.

कापूर आणि उदबत्तीही बुंध्यापाशी लावू देत नव्हते. त्यासाठी कट्ट्याच्या टोकाला एक लोखंडी तवा ठेवला होता. बुंध्याच्या भेगेत कापूर पेटवला की साल जळते, त्या जखमेतून बुरशी आणि वाळवी शिरते, आणि काही वर्षांनी धडधाकट दिसणारं झाड आतून पोकळ निघतं. संध्याकाळी गल्लीतली पोरं पिशव्या घेऊन आली आणि प्लास्टिकच्या पुड्या, मणी, आरशाचे डबे गोळा करून घेऊन गेली. कुणी पाटी लावली नव्हती, माईकवरून सूचना नव्हत्या.

मला सगळ्यात आवडलं ते कट्ट्याचं बांधकाम. मध्यंतरी त्याची डागडुजी झाली, तेव्हा वर चकचकीत फरशी घालायची टूम निघाली होती म्हणे. गल्लीतल्या बायकांनी अडवलं. बाहेरची भिंत दगडाची, बसायला कडेनं हातभर रुंद पट्टी, आणि आत बुंध्यापर्यंत उघडी माती. झाडाची पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दोन-अडीच फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याबाहेरही जातात. वर काँक्रीट ओतलं की त्या मुळांना ना पाणी मिळतं ना हवा. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं ते याचसाठी. वडगावच्या बायकांनी तो आदेश वाचलेला नसणार. "माती झाकली तर झाड पाणी कुठनं पिणार?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते पुरेसं होतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पिंपळ आणि कडुनिंब एकाच आळ्यात वाढलेला आणखी एक कट्टा आहे. खाली नागशिळा. कर्नाटकात ही जोडी जागोजाग दिसते, आणि दोघांचं रीतसर लग्नही लावतात. तिथली देखभाल शेजारच्या कन्नड घरातल्या अक्का करतात. आत्या त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलते, त्या आत्याशी मराठीत. वडाकडे मराठी बायका जास्त, पिंपळाकडे कन्नड जास्त, पण सोमवती अमावास्येला पिंपळाच्या प्रदक्षिणेला सगळ्याच असतात. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना सीमावाद आठवतो. तो प्रश्न इथल्या मराठी माणसाच्या काळजाचा आहे आणि मी तो हलका करणार नाही. पण पिंपळाला पाणी कुणी घालायचं यावर या गल्लीत कधी भांडण झालेलं नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी आतेभावाबरोबर पहाटे फिरायला निघाले. टिळकवाडीतून काँग्रेस रोडनं. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच अधिवेशन. रस्त्याला नाव त्यावरून. पुढे कॅम्पात शिरलं की हवाच बदलते. लष्कराची छावणी इथं 1830 च्या दशकात वसली. आज मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे. जमीन छावणीची असल्यानं बांधकामांची दाटी झाली नाही, आणि झाडांना हवा तेवढा हात-पाय पसरायला मिळाला. रस्त्यावर दोन्हीकडून येऊन मधोमध भिडलेले पर्जन्यवृक्ष, म्हणजे आपण 'रेन ट्री' म्हणतो ते. मूळचे मध्य-दक्षिण अमेरिकेचे. संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की यांची पानं मिटतात. त्या सकाळी पाऊस जवळ आला होता, वर बघितलं तर पानं अर्धी मिटलेली आणि फटींतून करडं आभाळ.

परदेशी झाड म्हणून पर्जन्यवृक्षाला नावं ठेवणारे मला भेटतात. देशी झाडं लावावीत हे मलाही पटतं. पण उभ्या असलेल्या मोठ्या झाडाला परकं म्हणून उपरं ठरवणं मला मान्य नाही. त्याच्या सावलीत भाजीवाली बसते, रिक्षावाला डुलकी काढतो, फांदीवर घारीचं घरटं असतं. नवीन लावायची तेव्हा वड, उंबर, ताम्हण, बकुळ, करंज लावा. जुनं आहे ते जगू द्या.

टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो हे बेळगावकरांचं लाडकं ठिकाण. कधीकाळी इथं देवीच्या रोगावरची लस तयार होई. आता मोठं, दाट झाडीचं आवार उरलं आहे आणि सकाळी अर्धी टिळकवाडी इथं चालायला असते. बेळगाव 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, मग कामं सुरू झाली, आणि या आवारातल्या झाडांसाठी फिरायला येणारेच लोक उभे राहिले. कर्नाटकात 1976 पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि 50 हून जास्त झाडं जाणार असतील तर आधी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. महाराष्ट्रात शहरांपुरता असा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. कायदा दोन्हीकडे आहे. पण हरकत घ्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस रोज त्या झाडाखालून चालणारा असावा लागतो. म्हणून मला या सकाळच्या मंडळींचं मोल वाटतं.

रविवारी आतेभावाच्या ओळखीची काही माणसं अनगोळच्या बाजूला जमणार होती. त्यांच्याबरोबर गेले. निवृत्त मास्तर, एक पेंटर, कॉलेजची पोरं, औषध दुकानदार. हातात पक्कड, पटाशी, कोयता, दोन बादल्या. काम दोन प्रकारचं. पहिलं, झाडांना ठोकलेले खिळे काढायचे. क्लासच्या जाहिराती, भाड्याच्या खोल्या, पाइल्सचा इलाज, सगळं झाडालाच ठोकलेलं. खिळा जुना असेल तर साल त्याच्यावरून वाढून तो गिळते, मग उगाच उकरायचा नाही, जखम वाढते. नवा असेल तर पकडीनं सरळ ओढायचा, वाकवायचा नाही. मास्तरांनी हे पोरांना दाखवून दिलं. दुसरं काम जुन्या ट्री गार्डचं. रोप लावताना घातलेला लोखंडी पिंजरा कुणीच नंतर काढत नाही. झाड जाड होतं आणि पिंजऱ्याच्या पट्ट्या खोडात रुततात. एक करंज असाच अडकला होता. पेंटरमामांनी कटरनं पट्ट्या कापल्या, पाऊण तास लागला. सगळे शांतपणे बघत होते, एखाद्याच्या सुजलेल्या बोटातली अंगठी कापून काढताना घरचे बघतात तसे, हे लिहायचा मोह मी आवरत नाही, पण खरं सांगायचं तर तिथली घाई वेगळी होती. पाऊस येत होता आणि अजून सात-आठ झाडं बाकी होती.

नवी रोपंही लावली. खड्डा दोन फुटांचा, शेणखत, भोवती आळं, आधाराची काठी. सुतळी काठी आणि रोप यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखी बांधायची, म्हणजे वाऱ्यात खोड घासत नाही. वडासाठी मात्र खड्ड्यात रोप नव्हतं, मनगटाएवढी फांदीच रोवली. वडाची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या मातीत लावली तर मूळ धरते. वटपौर्णिमेला बाजारात फांद्या विकायला येतात, पूजा झाली की त्या कचऱ्यात. यांच्यातल्या दोघी बायका आदल्या दिवशी गल्लोगल्ली फिरून जाड फांद्या मागून आणत होत्या. सगळ्या जगणार नाहीत हे त्यांना माहीत आहे, तरी आणतात. फांदी तोडण्यापेक्षा जित्या वडाकडे जा, हे त्या घरोघरी सांगतातच.

दसऱ्याला हाच प्रश्न आपट्याचा. बेळगावात सीमोल्लंघनाला आपटा लुटतात, तसंच कन्नड घरांतून शमीची, म्हणजे बन्नीची पानं देऊन "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु" म्हणतात. बन्नी घे आणि सोन्यासारखे राहू या. दोन्ही पानं एकाच हातात आलेली मी आत्याकडे पाहिली आहेत. पण त्यासाठी आसपासच्या आपट्याच्या झाडांची पानं ओरबाडून आणली जातात, आणि आपटा म्हणून कांचनाची पानंही खपवली जातात. आत्याच्या ओळखीत काही घरांनी आता एकच पान द्यायचं ठरवलं आहे, आणि कुणाच्या परसात जागा असेल तर आपट्याचं रोप.

बंगळुरात 2014 मध्ये 'नेरळू' नावानं झाडांचा उत्सव सुरू झाला. लोकांनी वर्गणी काढून केलेला, झाडांखालून फेऱ्या, चित्रं, गोष्टी. बेळगावात असा उत्सव व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला नवं काही शोधावं लागणार नाही. वटपौर्णिमा, सोमवती, दसरा हे दिवस आहेतच. वडगावचा वड, अक्कांचा पिंपळ, कॅम्पातले पर्जन्यवृक्ष, व्हॅक्सिन डेपो अशी एक फेरी मराठी-कन्नड दोन्ही भाषांत निघाली, शाळेच्या पोरांना काकूंनी ती चिरलेली पारंबी दाखवली, तर पुढच्या पिढीला दोरा कोणता घ्यायचा ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

कुणाला जायचं असेल तर: गुलमोहर पाहायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये कॅम्प, पण वळवाच्या वाऱ्यात मोठ्या झाडाखाली गाडी लावू नका. कट्टे बघायचे तर ज्येष्ठ पौर्णिमेला सकाळी नऊच्या आत वडगाव-शहापूर गाठा, नंतर गर्दीत बोलायला कुणाला सवड नसते. छावणीत फोटो काढण्याआधी विचारा. आणि रविवारी असाल तर पक्कड बरोबर असू द्या, ती मंडळी पाहुण्यालाही काम देतात.